पायाखालची जमीन... व्हाया हेलसिंकी!

‘म्हणजे तू आता पाऊस पाडायला शिकणार का गं?’

मावशीने हा बॉम्ब टाकला तेव्हा डोंबिवलीच्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसलो होतो. माझ्या मावसबहिणीने, म्हणजे घरात सगळे जिला छोटी म्हणतात तिने, नुकतंच डिक्लेअर केलं होतं, की ती चांगली चालू नोकरी सोडून फिनलंडला मास्टर्स करायला जाणार. विषय? जिओइंजिनिअरिंग. साल २०२३.

आता मावशीचा प्रश्न ऐकून आम्ही पोट धरून हसलो खरे, पण तो तसा अगदीच वेडगळ नव्हता. हा शब्द नेटवर टाकून बघा, पहिल्यांदा ढगच दिसतील. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या गंधकी धुरकटाने पृथ्वीचं तापमान काही काळ साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. तेच माणसाने मुद्दाम केलं तर? सूर्याला थोडी चाळण लावली तर? या सगळ्या खटाटोपालाही जिओइंजिनिअरिंगच म्हणतात. त्यात आपल्याकडे २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली सरकारने विमानातून ढगांवर फवारे मारले होते, ते मावशीच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

‘आई, ढग नाही. जमीन. पायाखालची.’

‘मग सरळ सिव्हिल म्हण ना! एवढं फिरवून कशाला?’

तर मंडळी, पहिला घोळ इथेच निस्तरून टाकू. युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांत जिओइंजिनिअरिंग म्हणजे माती आणि कातळ यांचं इंजिनिअरिंग. पाया किती खोल घ्यायचा, बोगदा कुठून न्यायचा, डोंगर कधी घसरेल, खणलेल्या खड्ड्यात पाणी कुठून येतंय, हे सगळं. कुठे त्याला जिओटेक्निकल म्हणतात, कुठे जिओटेक्निक्स अँड जिओहॅझर्ड्स, कुठे नुसतंच सॉइल मेकॅनिक्स. कोर्सचं नाव वाचून अर्ज करू नका, विषयांची यादी वाचून करा. छोटीच्या बॅचमध्ये एक मुलगा हवामान बदलावरचा कोर्स समजून आला होता. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात चिखलाचा गोळा आला, तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे!

भिंतीला तडा

पण तीन वर्षं नोकरी केलेल्या मुलीला एकदम मास्टर्सचं हे खूळ कुठून शिरलं? परदेशाचं ग्लॅमर? मलाही आधी तसंच वाटलं होतं. खरं कारण तिने मला लोकलमध्ये सांगितलं, विंडो सीट मिळालेली असताना, त्यामुळे नीट ऐकता आलं.

ती दक्षिण मुंबईत एका टॉवरच्या साइटवर होती. तीन मजली तळघर खणायचं काम. समुद्र चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे खड्ड्यात पाणी येणारच, आणि ते उपसायला पंप रात्रंदिवस चालू. शेजारी एक जुनी चाळ. एके सकाळी तळमजल्यावरच्या आजोबांनी हिला हाक मारून घरात नेलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका वर जाणारा एक तडा दाखवला आणि विचारलं, ‘पोरी, हे तुमच्या खणण्यामुळे झालं का? हो किंवा नाही, एवढंच सांग.’

हिला सांगता येईना. तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ‘जुनी चाळ आहे, तडे असायचेच.’

‘ताई, ते खरंही असेल,’ छोटी म्हणाली. ‘पण ते खरं आहे की नाही हे आख्ख्या साइटवर एकालाही माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायची कुणाला घाईही नव्हती. मी चार वर्षं सिव्हिल शिकले, बीम-कॉलमची डिझाइन्स डोळे मिटून करते. पण बीम ज्याच्यावर उभं राहतं त्याबद्दल मला दोन पेपर होते. दोन!’

म्हणून मास्टर्स. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला. ऐकायला फिल्मी वाटतं, पण तिने त्यासाठी सोळा लाखांचं कर्ज काढलं आणि तारण ठेवला डोंबिवलीचा तोच फ्लॅट, जिथे आम्ही पोहे खात होतो. फिल्मी गोष्टी इतक्या महाग नसतात.

देशांची विंडो शॉपिंग

त्याआधी सहा महिने एक्सेल शीट चालली होती. ती मी पाहिलीये, लग्नाच्या याद्या इतक्या काटेकोर नसतात.

पहिलं नाव नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम. तिथे ‘क्विक क्ले’ नावाची एक महाबिलंदर माती असते. शांत असते तोवर घट्ट, आणि एकदा हलली की ताकासारखी वाहायला लागते. ३० डिसेंबर २०२० ला ओस्लोजवळच्या येरद्रुम गावात अशीच जमीन मध्यरात्रीनंतर घरांसकट वाहून गेली, दहा जणांचा जीव गेला. ज्या देशाच्या जमिनीचा असा भरवसा नाही, तिथे हा विषय जीव तोडून शिकवतात. शिवाय फी शून्य! पण कसलं काय. २०२३ च्या ऑगस्टपासून नॉर्वेने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आणि छोटीच्या शीटमधली ती ओळ एका रात्रीत लाल झाली.

मग डेल्फ्ट. हॉलंडमध्ये निम्मा देश भराव आणि चिखलावर उभा, तेव्हा तिथे हा विषय पिकणारच. जगभरचे इंजिनीअर पायाचे हिशेब ज्या ‘प्लॅक्सिस’ सॉफ्टवेअरवर करतात, त्याचा जन्म डेल्फ्टच्या विद्यापीठातला, १९८७ चा. पण फीचा आकडा बघून हिने लॅपटॉपच बंद केला. लंडनच्या इंपीरियलचा कोर्स एका वर्षात उरकतो, म्हणजे एका वर्षाचा पगार वाचतो. पण तिथलं राहणं? त्यापेक्षा दादरला फ्लॅट घ्यावा.

आणि हो, एक ओळ पवईचीही होती. आयआयटी मुंबईत गेट देऊन एमटेकला गेलात तर फी राहिली बाजूला, उलट महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण परदेशी शिक्षणाचे स्टॉल लागतात तिथे हे कुणी सांगत नाही. छोटीने गेट दोनदा दिली. दोन्हीदा रँक थोडक्यात हुकली. हे तिने मला सांगितलं तेव्हा आवाज जरा खाली गेला होता.

शेवटी उरलं फिनलंड. हेलसिंकीला चिकटून असलेल्या एस्पो शहरात आल्टो विद्यापीठ आहे. तिथल्या कोर्सचं नावच जिओइंजिनिअरिंग. दोन वर्षं, १२० क्रेडिट, शिकवणं इंग्रजीत. फी तेव्हा वर्षाला १५,००० युरो, पण हिला निम्मी माफ झाली. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो शंभरी ओलांडून गेला. ज्यांचं कर्ज रुपयांत आणि खर्च युरोत, त्यांना हे वाक्य वाचून पोटात गोळा येईल. यायलाच हवा.

खाली सहा किलोमीटर

आल्टोचा कॅम्पस ओटानिएमी नावाच्या भागात. लाल विटांच्या इमारती, बर्च आणि पाइनची झाडं, मागे समुद्र. मुख्य इमारत आल्वार आल्टो या आर्किटेक्टची, त्याच्याच नावाने विद्यापीठ. कॅम्पसखाली मेट्रोचं स्टेशन, तेही कातळ फोडून केलेलं, २०१७ पासून चालू. म्हणजे क्लासला येता येताच सिलॅबस दिसायला लागतो!

पण छोटीला आवडलेली जागा वेगळी. याच ओटानिएमीत एका ऊर्जा कंपनीने जमिनीत सहा किलोमीटरहून खोल भोकं पाडली होती, दोन. कल्पना भारी होती. एका भोकातून गार पाणी खाली सोडायचं, तळच्या गरम कातळातून फिरवायचं, दुसऱ्या भोकातून गरम होऊन वर आलं की त्यावर गावातली घरं उबदार ठेवायची. २०१८ मध्ये दाबाने पाणी सोडलं. जमिनीने बारीक बारीक धक्के दिले, काही रहिवाशांना गडगडाट ऐकू आला. भूकंप म्हणावेत असे ते नव्हतेच, सगळे रिश्टर दोनच्या आत. पण कातळाने पाणी पाहिजे तेवढं पलीकडे जाऊ दिलं नाही. प्रोजेक्ट गुंडाळावा लागला.

‘आणि हे ते शिकवतात, ताई! फसलेलं. स्लाइड लावून. आपल्याकडे फसलेल्या कामाची फाइल कपाटात जाते, यांच्याकडे लेक्चरला येते.’

वर्षाचे पाच पीरियड. दर सहा-सात आठवड्यांनी विषय संपतो, परीक्षा होते, दम खाईपर्यंत पुढचा सुरू. मार्क शून्य ते पाच. प्रोफेसरांना नावाने हाक मारायची. ‘सर’ म्हटलं की ते मागे वळून बघतात, कुणाला म्हणतेय म्हणून. पहिला महिनाभर छोटीने कुठल्याच नावाने हाक मारली नाही, नुसतं समोर जाऊन उभी राहायची.

आणि लॅब. मातीचा नमुना रबराच्या पिशवीत घालून पाण्याच्या दाबाखाली ठेवायचा, वरून हळूहळू दाबायचं आणि तो कधी हात टेकतो ते बघायचं. एकेका नमुन्याला दिवस दिवस लागतात. घाई केलीत तर माती खोटं बोलते. हे वाक्य तिचंच.

मुरूम कुठाय?

खरी गंमत झाली ती इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या क्लासमध्ये. मुंबईत कुठेही बोअर मारा. वर भराव, मग गाळ किंवा चिकणमाती, मग पिवळट मुरूम, मग तडकलेला खडक आणि मग कुठे काळा कातळ. मुरूम म्हणजे काय तर झिजत, कुजत माती व्हायला निघालेला कातळ. धड दगड नाही, धड माती नाही. कातळ नक्की कुठे सुरू होतो, यावरून आपल्या साइट्सवर कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टंट यांच्यात हाणामारी व्हायची वेळ येते, कारण खणायचा रेट त्यावर ठरतो.

छोटीने विचारलं, तुमच्याकडे या मधल्या थराला काय म्हणता? प्रोफेसर म्हणाले, मधला थर नाही.

म्हणजे असं, की फिनलंडवर हिमयुगात किलोमीटरच्या हिशेबात जाडीचा बर्फ बसला होता. त्याने खरवडून खरवडून वरचा सगळा कुजका खडक नेला. बर्फ गेला, समुद्र आला, त्याने मऊ चिकणमाती आणून टाकली. त्यामुळे हेलसिंकीत खाली एकशे ऐंशी कोटी वर्षांचा जुना टणक कातळ आणि त्यावर जेमतेम दहा हजार वर्षांची लोण्यासारखी माती. मध्ये मुरूम औषधालाही नाही! आपला दख्खनचा काळा कातळ त्या मानाने पोरगेला, साडेसहा कोटी वर्षांचा. पण उन्हापावसाने पार पिकलेला.

‘त्या दिवशी घरी येऊन रडले मी,’ तिने नंतर कबूल केलं. ‘सोळा लाख घालून जी जमीन शिकायला आले, ती आपली जमीनच नाही.’

फॉरेनला जाऊन शिकण्याची ही बाजू ब्रोशरमध्ये नसते. कॉम्प्युटर सायन्स कुठेही शिका, कोड सगळीकडे सारखाच चालतो. जमिनीचं तसं नाही. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कोकणातला जांभा हाताला मऊ आणि हवेत कडक, मुंबईत सात बेटांमधली खाडी बुजवून केलेला भराव. यातलं काहीही तिला तिथे मिळणार नव्हतं.

मग मिळालं काय?

पाणी गेलं की...

मिळालं ते आजोबांच्या तड्याचं उत्तर. निदान अर्धं.

हेलसिंकीत बोगदा खणतात तो कातळात, मातीला हातही लागत नाही. मग वरच्या इमारतींना धोका कसला? धोका पाण्याचा. कातळ कितीही टणक असला तरी त्याला बारीक फटी असतात. बोगदा खणला की फटींतून पाणी आत झिरपतं. ते पाणी वरच्या चिकणमातीतून ओढलं जातं. आणि इथे कामाला येतं टेरझागी नावाच्या इंजिनीअरने १९२५ च्या सुमाराला मांडलेलं तत्त्व, ज्यावर हा आख्खा विषय उभा आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, इमारतीचं ओझं मातीचे कण आणि त्यांच्यातलं पाणी मिळून उचलत असतात. जड पलंग चौघांनी उचललाय आणि त्यातले दोघं गुपचूप सटकले, तर उरलेल्या दोघांचं काय होईल? वाकतील. माती तशीच वाकते, म्हणजे बसते. वरची इमारत तिच्याबरोबर खचते. जुन्या इमारती तर तिथे लाकडी खांबांवर उभ्या आहेत. पाण्यात बुडालेले असतात तोवर ते खांब शतकभर टिकतात. पाण्याची पातळी उतरली, हवा लागली, की कुजायला लागतात.

म्हणून तिथले लोक सुरुंग लावायच्या आधी पुढच्या कातळात लांब भोकं पाडून सिमेंटचं पाणी दाबाने भरतात. फटी आधी बुजवायच्या, मग फोडायचं. शहरभर भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या आहेत. आणि सुरुंग लागायच्या आधी आसपासच्या घरांची पाहणी होते. भिंतींचे फोटो, असलेल्या तड्यांची नोंद, तारखेसकट. नंतर भांडण झालंच तर फोटो काढून बघायचा, तडा आधीचा की नंतरचा.

‘एवढंच, ताई! त्या चाळीत काम सुरू व्हायच्या आधी कुणी मोबाइलने वीस फोटो काढले असते, तर आजोबांना उत्तर देता आलं असतं. रॉकेट सायन्स नाहीये हे. शिस्त आहे.’

मी म्हटलं, मग हे नियमांत नाही का आपल्याकडे? ती हसली. ‘मोठ्या कामांत असतं. मेट्रोसारख्या कामांत करतातच. प्रश्न गल्लीतल्या टॉवरचा आहे.’

तळघरातलं शहर

हेलसिंकीचं एक डोकं खालीही आहे. जमिनीखाली काय कुठे बांधायचं याचा रीतसर मास्टर प्लॅन या शहराने २०१० सालीच मंजूर केला. कातळात कोरलेलं चर्च आहे, १९६९ चं. जमिनीखाली पोहायचा तलाव आहे, तो वेळप्रसंगी बॉम्ब-शेल्टर होतो. छप्पन्न लाखांच्या या देशात तब्बल ५०,५०० शेल्टर्स आहेत, ४८ लाख लोक मावतील एवढी. शेजारी रशिया असला की माणसं खाली बघायला शिकतात.

पण सगळ्यात थरारक म्हणजे ओंकालो. पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओटोला, जमिनीखाली चारशे मीटरहून खोल, अणुभट्ट्यांचं वापरलेलं इंधन कायमचं पुरायची जागा. कायमचं म्हणजे एक लाख वर्षं. २००४ ला खणायला सुरुवात झाली, २०२४ मध्ये चाचणी सुरू झाली. तांब्याच्या डब्यात इंधन, डब्याभोवती बेंटोनाइट नावाची माती. ही माती पाणी लागलं की फुगते आणि सगळ्या वाटा बुजवून टाकते. छोटीची बॅच तिथल्या व्हिजिटर सेंटरला जाऊन आली. तिथे तिला कळलं, की बेंटोनाइटचा मुख्य घटक आणि आपल्या काळ्या मातीला फुगवणारं खनिज, दोन्ही एकच. वऱ्हाडात जे घरांच्या भिंती फोडतं, त्याच्यावर हे लोक लाख वर्षांचा भरवसा ठेवून बसलेत! आपल्या कच्छमधल्या बेंटोनाइटच्या तर स्वीडनमध्ये जमिनीखाली चाचण्या झाल्या आहेत. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा मुंबईत दीड वाजला होता. मी झोपेत ‘हं हं’ करत होते आणि ती काळ्या मातीचं कौतुक करत होती. कोर्स सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज असा वाटला.

काळोख, ब्रोकली आणि झाडू

आता जरा न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पावणेसहा तासांचा. सकाळी क्लासला जाताना काळोख, परतताना काळोख. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आणि टेबलावर एक पांढरा झगझगीत दिवा, त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा. लोक चांगले, पण अबोल. बसमध्ये शेजारी बसण्यापेक्षा उभं राहतील. विरार फास्टमध्ये वाढलेल्या पोरीला याचा त्रास होतो हो, कुणीही ढकलत नाही!

जेवणाचं मात्र बरं. तिथे ‘केला’ नावाचं सरकारी खातं आहे (केळ्याशी संबंध नाही), ते विद्यार्थ्यांच्या जेवणाला सबसिडी देतं. तीन युरोंच्या आसपास पोटभर थाळी. ब्रोकली, बटाटे आणि राईचा ब्रेड. त्यावर मावशीचं मेतकूट.

आणि पैसे. स्टुडंट परमिटवर आठवड्याला सरासरी तीस तास काम करता येतं. छोटी पहिल्या वर्षी पहाटे पाचला उठून एका ऑफिसात साफसफाई करायची. उणे बारा तापमानात सायकल हाणत. मावशीला सांगितलं होतं, ‘युनिव्हर्सिटीत असिस्टंट आहे.’ माझ्याकडून शपथ घेतली होती. आता ती स्वतःच सांगते म्हणून लिहितेय. दुसऱ्या वर्षी थिसिससाठी तिला एक कन्सल्टंट कंपनी मिळाली. तिथे बरेच मास्टर्स थिसिस कंपनीबरोबर होतात आणि त्याचे पैसे मिळतात. विषय, बोगद्यात झिरपणारं पाणी. अर्थातच.

मग यायचं कशाला?

२०२५ च्या उन्हाळ्यात डिग्री हातात पडली. नोकरी शोधायला दोन वर्षांचं परमिट मिळतं, फिनलंडचा हा पॉइंट मोठा आहे. पण नोकऱ्या? त्या वर्षी तिथली बेकारी दहा टक्क्यांच्या घरात पोचली होती. त्यात हा विषय साइटचा. सुरुंगाच्या आधी मुकादम काय ओरडला ते समजलं नाही तर? त्यामुळे जाहिरात इंग्रजीत असली तरी शेवटी ‘फिनिश येतं का?’ हा प्रश्न असायचाच. हिचं फिनिश किराणा दुकानापुरतं. छप्पन्न अर्ज, चार इंटरव्ह्यू. थिसिसच्या कंपनीने मात्र वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं. त्याच आठवड्यात मुंबईतून एक ऑफर आली. काम खोदकामांभोवतीच्या इमारती आणि भूजल यांच्यावर लक्ष ठेवायचं. पगार तिथल्या निम्म्याहून कमी.

कर्जाचा हप्ता एकवीस हजार. मी तर म्हटलं, बाई, वर्षभर तिथेच राहा, युरो कमव, हप्ते फेड, मग ये. अजूनही मला तेच बरोबर वाटतं. तिने मुंबई घेतली.

मावशी महिनाभर धड बोलली नाही. ‘परत यायचं होतं तर गेलीस कशाला?’

‘आई, तिथे मुरूम नाही,’ छोटी म्हणाली. मावशीने माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने जायचं म्हणत असेल तर माझं मत सांगते, छोटीला न विचारता. आधी दोनेक वर्षं साइटवर घाला. चिखलात पाय बुडल्याशिवाय लॅबमधल्या चिखलाचा अर्थ लागत नाही. गेट द्यायची राहिली असेल तर ती द्या. जिथे जायचंय तिथली भाषा विमानात बसायच्या आधी सुरू करा, नंतर वेळ मिळत नाही. आल्टोचे अर्ज साधारण डिसेंबरात उघडतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंद, म्हणजे शिफारसपत्रांसाठी दिवाळीच्या आधी सरांच्या मागे लागायला हवं. परमिटसाठी खात्यात दाखवायची रक्कम वाढत चाललीय, २०२५ पासून महिन्याला ८०० युरोंचा हिशेब धरा. अनुसूचित जातीच्या मुलामुलींनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात डोळ्यांत तेल घालून बघावी. अटी बदलत राहतात, पण ज्यांना मिळते त्यांचं घर तारण राहत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये छोटी रुजू झाली. पहिल्याच रविवारी मला म्हणाली, चल, त्या चाळीत जाऊन येऊ.

टॉवर पूर्ण झाला होता, खाली कॉफी शॉप. चाळ तशीच. आजोबा अजून होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी हिला ओळखलं. तडाही होता, त्यावर एकदा लांबी भरून रंग दिलेला, पण रंगातून तो पुन्हा वर आलेला.

‘आता सांग,’ आजोबा म्हणाले.

‘आजोबा, काम सुरू व्हायच्या आधीचा या भिंतीचा एखादा फोटो असता ना...’

ते उठले. कपाटातून एक अल्बम काढला. नातवाच्या बारशाचा. पाळणा, फुगे, नटलेल्या बायका, आणि मागे तीच खिडकी. छोटीने मोबाइलचा टॉर्च लावला, फोटोवर धरला. खिडकीच्या कोपऱ्यातून एक केसाएवढी रेघ वर गेलेली दिसत होती. पाळण्याच्या दोरीपाशी थांबलेली.

‘म्हणजे आधीपासूनचा?’ आजोबांनी विचारलं.

‘आधीचाही आहे. पण एवढा नव्हता.’

तिने पर्समधून एक पारदर्शक पट्टी काढली, तड्यावर ठेवली, डोळा बारीक करून बघितलं. मग पेन्सिलने भिंतीवर बारीक अक्षरात मिलिमीटर लिहिले आणि खाली तारीख.

‘दर महिन्याला येते,’ ती म्हणाली. ‘यावर रंग देऊ नका.’

आजोबांनी चहा टाकला.